रक्तातलं पुण्य

दशलक्षण पर्वाचा शेवटचा दिवस उत्तम ब्रह्मचर्याचा. 2003 साली त्या दिवशी आमच्या मंदिरातल्या महिला स्वाध्यायात बोलायची पाळी माझी होती. अनंत चतुर्दशी, त्यामुळे काचीगुडा, सुलतान बाजार, कुठून कुठून बायका आल्या होत्या. मी शीलावर बोलले. सीता झाली, अनंतमती झाली, मैनासुंदरी झाली. मग मनात आलं, पुराणातल्याच गोष्टी किती सांगायच्या, आपल्यातलं एखादं उदाहरण द्यावं. आणि मी सुमनवहिनींचं नाव घेतलं.

सुमनवहिनींचे यजमान आदल्या वर्षी एड्सनं गेले होते. समाजात कुणी उघड बोलत नव्हतं, पण माहीत सगळ्यांना होतं. सोळा वर्षांचा संसार. वहिनींचं रक्त दोनदा तपासलं, दोन्ही वेळा निगेटिव्ह. मी म्हणाले, "विषाच्या घरात सोळा वर्षं राहून जिला विष शिवलं नाही, तिचं शील केवढं असेल!" बायकांनी माना डोलावल्या. एक-दोघींनी पदरानं डोळे टिपले. माझं बोलणं रंगलं होतं, हे मलाही कळत होतं.

मागच्या खांबाला टेकून चंदा बसली होती. सुमन काय, चंदा काय, दोघींचीही नावं मी बदलली आहेत. चंदाचे यजमान त्याच वर्षी गेले होते, कावीळ झाली असं आम्हाला सांगितलेलं. खरं कारण तेच होतं, आणि चंदाची तपासणी पॉझिटिव्ह आली होती. हे तिला आणि तिच्या भावाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवसानंतर चंदा स्वाध्यायाला आली नाही. माहेरी उदगीरला गेली असेल असं आम्ही धरून चाललो. दोन वर्षांनी तिच्या भावजयीकडून मला खरं कळलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही."

शील मोजायचंच झालं तर चंदाचं कुणापेक्षा कमी नव्हतं. सोळहकारण व्रत तिनं केलेलं, अष्टमी-चतुर्दशीचं एकाशन तिचं कधी चुकलं नाही. लग्नाआधी वडिलांच्या आणि लग्नानंतर नवऱ्याच्या घराबाहेर तिचं जग नव्हतं. मी त्या दिवशी जो हिशेब मांडला, त्या हिशेबानं चंदाच्या रक्तात पाप निघत होतं. मी ते तोंडानं म्हटलं नाही. पण एकीच्या वाचण्याला पुण्य म्हटलं की दुसरीच्या न वाचण्याला काय म्हणायचं, ते ऐकणारीला आपोआप कळतं.

मग दोघींत फरक कशाचा? हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता. माझी भाची जीवशास्त्र शिकलेली, इथेच प्रयोगशाळेत काम करते. एका उन्हाळ्यात ती राहायला आली, तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "मावशी, तू पुण्य-पाप बाजूला ठेव, आधी विषाणू घरात शिरतो कसा ते बघ."

तिनं सांगितलेलं मला समजलं तसं सांगते. एचआयव्हीला आपल्या रक्तातल्या ठराविक पांढऱ्या पेशींत शिरायचं असतं. त्या पेशीच्या अंगावर सीडी4 नावाचं एक प्रथिन असतं, त्याला विषाणू चिकटतो. पण तेवढ्यानं दार उघडत नाही. शेजारी सीसीआर5 नावाचं दुसरं प्रथिन लागतं. एक कुलूप, एक कडी, असं समजा. दोन्ही निघाली तर आत जाता येतं. 1996 साली शास्त्रज्ञांना कळलं की काही माणसांच्या सीसीआर5 च्या जनुकातली 32 अक्षरं जन्मतःच गळालेली असतात. आई आणि वडील, दोघांकडूनही तसंच जनुक आलं असेल तर ते प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतच नाही आणि नेहमी पसरणाऱ्या विषाणूला आत जायला वाट मिळत नाही. युरोपी वंशाच्या लोकांत शंभरात साधारण एकजण असा असतो. आपल्याकडे, भारतात, हा बदल जवळजवळ नाहीच.

म्हणजे सुमनवहिनींना तरी त्यानं वाचवलेलं नसणार. मी विचारलं, "मग?" भाची म्हणाली, "मग आणखी पुष्कळ आहे." पेशीत शिरलेल्या विषाणूचे तुकडे बाहेर दाखवून शरीराच्या शिपायांना जागं करणारी एचएलए नावाची प्रथिनं असतात. त्यांचे असंख्य प्रकार आहेत आणि ते प्रत्येकाला आईबापांकडून मिळतात. काही प्रकार असलेल्यांच्या शरीरात विषाणूची वाढ फार सावकाश होते. बी57 आणि बी27 ही त्यातली नावाजलेली नावं. लागण झालेल्यांपैकी अगदी थोडे, शंभरात एखादा किंवा त्याहूनही कमी, असे असतात की औषध न घेताही वर्षानुवर्षं विषाणू दबून राहतो. बी35 च्या काही प्रकारांत उलट होतं, आजार लवकर बळावतो.

आणि या सगळ्याच्या वर नुसता योग असतो. एका संबंधात लागण होण्याची शक्यता मुळात लहान असते. नवऱ्याच्या रक्तात त्या काळात विषाणू किती होता, दोघांपैकी कुणाला दुसरा गुप्तरोग होता का, यावर ती वाढते. आईकडून बाळाला होणारी लागण बघा. काहीच उपचार नसले तर गर्भात, बाळंतपणात आणि दुधातून मिळून शंभरातल्या 15 ते 45 बाळांना ती होते. म्हणजे निम्म्याहून जास्त बाळं त्याच कुशीतून, त्याच दुधावर वाढून सुटतात. सुटलेल्या बाळानं कोणतं व्रत केलेलं असतं? सुमनवहिनींचं रक्त तपासलं ते विषाणूसाठी. त्यांच्या जनुकांत काही होतं की नुसता योग होता, हे कुणीच तपासलं नाही. मी मात्र निकाल लावून मोकळी झाले होते.

पण माझ्या त्या प्रवचनाचा पाया खरा हादरला तो भाचीनं नैरोबीची हकिगत सांगितली तेव्हा. आफ्रिकेत केनियाची राजधानी नैरोबी. तिथल्या पुमवानी वस्तीत देहविक्रय करणाऱ्या बायकांचा अभ्यास 1980 च्या दशकापासून चालू आहे. त्यांच्यातल्या बहुतेकींना लागण झाली. पण काहीजणी अशा निघाल्या, की वर्षानुवर्षं त्याच धंद्यात राहूनही त्यांच्या रक्तात विषाणू सापडेना. शास्त्रज्ञ चकित झाले. त्यांच्या एचएलएत, त्यांच्या पेशींच्या लढण्यात काहीतरी वेगळं होतं. पुढं आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. अशा काही बायकांना उशिरा लागण झाली, आणि ती धंदा कमी केल्यावर किंवा मध्ये काही काळ थांबवल्यावर झाली. शरीराला विषाणूची सारखी ओळख राहायची, ती कमी झाल्यानं संरक्षण ढिलं पडलं असावं, असा त्याचा अर्थ लावला गेला.

मी गप्प बसले. शीलानं विष शिवत नाही हा माझा सिद्धांत. आणि इथं ज्यांना आपण शीलवती म्हणणार नाही त्या वाचल्या, आणि त्या मार्गापासून थोड्या दूर झालेल्यांना लागण झाली. माझा नियम नैरोबीला लावला तर काय म्हणावं लागेल? लावता येत नाही हे उघड आहे. जो नियम तिथं लागत नाही, तो काचीगुड्यात कसा लागेल?

उलट्या बाजूचा पुरावा तर आपल्या मराठी मुलखातच होता, मी वाचला नव्हता एवढंच. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला 1986 साली चेन्नईला. तो शोध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली लागला त्या डॉ. सुनीती सॉलोमन माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. सुरुवातीला तपासलेलं रक्त देहविक्रय करणाऱ्या बायकांचं होतं, म्हणून देशभर समज झाला की हा 'त्यांचा' आजार. मग 1997 साली पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास छापून आला. पुण्यातल्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत आलेल्या बायकांपैकी देहविक्रय न करणाऱ्या बायकांमध्येही शंभरात तेरा-चौदा जणींना लागण होती. त्यातल्या बहुतेक लग्न झालेल्या, नवऱ्यापलीकडे कुणाला न ओळखणाऱ्या. त्यांचा धोका त्यांच्या वागण्यात नव्हता, नवऱ्याच्या आजारात होता. अशा किती चंदा त्या आकड्यात बसल्या असतील.

यावर आमच्या स्वाध्यायातल्या एक काकू मला म्हणाल्या, "अगं, म्हणजे जनुक म्हणजेच नामकर्म. शास्त्रात आधीच सांगितलंय." हे ऐकायला छान वाटतं, पण मला पटत नाही. शरीर घडतं ते नामकर्माच्या उदयानं, असं आपण मानतो. पण प्रयोगशाळेत दिसणारा प्रत्येक धागा उचलून त्याला कर्माचं नाव चिकटवलं की आपण पुन्हा तिथंच येतो. अमकीचं जनुक चांगलं, म्हणजे अमकी पुण्यवान. नाव फक्त बदललं.

हैदराबादचंच एक उदाहरण देते. इथल्या कोमटी म्हणजे वैश्य समाजात काही घरांत एक जनुकदोष चालत येतो. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करायला एक औषध देतात, ते इतरांच्या शरीरात काही मिनिटांत विरतं. यांच्यात ते विरवणारं द्रव्य कमी असतं, त्यामुळे बराच वेळ हातपाय हलत नाहीत, श्वास यंत्रानं द्यावा लागतो. आपल्या सीसीएमबीच्या शास्त्रज्ञांनी परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर जे काम केलं, त्यात याचं कारण स्पष्ट होतं. थोड्या पूर्वजांपासून वाढलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या आपसांतच लग्नं करणारा समाज, म्हणून कुणा एका पूर्वजाचा बदल अनेकांपर्यंत पोचला. आपणही आपल्या जातीतच सोयरिक करतो, आपल्याही रक्तात असलं काही ना काही असणारच. आता मला सांगा, शस्त्रक्रियेनंतर दोन तास उशिरा हातपाय हललेल्या वैश्य शेठजींना कुणी 'पापाचा उदय' म्हणतं का? नाही. सगळे म्हणतात, डॉक्टरला आधी सांगायला हवं होतं. मग चंदाच्या वेळी पाप कुठून आलं? ते आजारातून आलं नाही. तो आजार ज्या वाटेनं येतो, त्या वाटेची आपल्याला लाज वाटते, तिथून आलं.

जनुकांत सद्गुण शोधणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं. ज्या सीसीआर5 च्या अभावानं एचआयव्हीपासून बचाव होतो, तोच अभाव वेस्ट नाईल नावाच्या तापात माणसाला जास्त आजारी पाडतो. एकाच गोष्टीला पुण्य म्हणावं की पाप? आणि जे वाचले त्यांना तरी सुख झालं का? 1996 च्या शोधाला ज्यांच्या रक्तानं मदत केली, त्यांत न्यूयॉर्कचे स्टीफन क्रोन हे एक होते. त्यांचा साथीदार गेला, मित्र एकामागून एक गेले, त्यांना काहीच होईना. ते स्वतः होऊन शास्त्रज्ञांकडे गेले, आपलं रक्त दिलं. पुढं 2013 साली त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. सुमनवहिनींना मी कधी विचारलं नव्हतं की वाचल्यावर तुम्हाला कसं वाटतं. त्या दिवशी सभेत त्या मान खाली घालून बसल्या होत्या. मी तो विनय समजले. त्यांच्या घरचा आजार भर सभेत काढायचा मला अधिकार नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. उपगूहन अंग शिकवणारी मीच.

मग कर्मसिद्धांत सोडून द्यायचा का? मी सोडलेला नाही. पण तो नीट वाचला. आपल्या आचार्यांनी कार्य घडायला पाच गोष्टी सांगितल्या: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकृत आणि पुरुषार्थ. सिद्धसेन दिवाकरांनी बजावलं आहे की यातली एकच धरून बसणं हे मिथ्यात्व, पाचही मिळून सम्यक्त्व. चंदाच्या बाबतीत बघा. काळ असा की 2003 साली सरकारी दवाखान्यात एआरटीची औषधं फुकट मिळत नव्हती, ती 1 एप्रिल 2004 पासून सुरू झाली. स्वभाव विषाणूचा आणि तिच्या पेशींचा. पुरुषार्थ तिचा, की ती औषधाला चिकटून राहिली. आणि मी यातलं एक पूर्वकृत उचललं, तेही दुसऱ्याचं, जे केवलज्ञानीच जाणू शकतात.

दुसरी गोष्ट आपण सगळ्या लहानपणी पाठशाळेत शिकलो. कर्मं आठ, चार घाती, चार अघाती. रोगाची पीडा येते ती असातावेदनीयाच्या उदयानं, आणि वेदनीय अघाती आहे. ते आत्म्याच्या गुणांचा घात करत नाही. परंपरा सांगते, वादिराज मुनींना कुष्ठ होतं, समंतभद्राचार्यांना भस्मक व्याधी होती. त्यांना कुणी पापी म्हटलं नाही. पण जुगुप्सा, म्हणजे किळस, ही कुठं बसते? नोकषायांत. मोहनीयात. आणि मोहनीय घाती आहे. म्हणजे चंदाच्या रक्तातला विषाणू तिच्या आत्म्याला धक्का लावत नव्हता. तिचं कळल्यावर ज्यांनी तिचा पेला वेगळा ठेवला, त्यांच्या आत्म्याचं नुकसान होत होतं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात असातावेदनीय कशानं बांधलं जातं तेही दिलंय, दुसऱ्याला दुःख देणं, रडवणं. हा अध्याय मी किती वेळा वाचून दाखवला होता!

मैनासुंदरीची गोष्ट आता मी वेगळी सांगते. कुष्ठी श्रीपालाची सेवा करून तिला कुष्ठ झालं नाही, यात आपण तिच्या शीलाचा चमत्कार बघतो. डॉक्टर सांगतात, कुष्ठरोगाला शंभरातल्या सुमारे 95 जणांचं शरीर मुळातच दाद देत नाही. यानं मैना लहान होते का? मला ती मोठीच वाटते. आपण सुरक्षित आहोत हे तिला माहीत नव्हतं, तरी तिनं हात मागं घेतला नाही. तिला कुष्ठ झालं असतं तरी तिचं शील तेवढंच राहिलं असतं. निर्विचिकित्सा अंग म्हणजे हेच.

चंदाला भेटायला मी गेले ते क्षमावणीच्या दिवशी. उशीर फार झाला होता, आठ वर्षं. ती आता शहराच्या दुसऱ्या टोकाला राहते. सरकारी दवाखान्यातून औषध आणते, रोज रात्री ठरल्या वेळी घेते. रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झालाय. तसा तो दिसेनासा राहिला तर जोडीदारालाही लागण होत नाही, हे तिनंच मला सांगितलं. मुलगा निगेटिव्ह आहे, नोकरीला लागला. मी क्षमा मागितली. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? सुमनवहिनींना लागण झाली असती तर तुम्ही त्या दिवशी त्यांचं नाव घेतलं असतं का?"

मी खरं उत्तर दिलं. नसतं घेतलं.

ती म्हणाली, "मला तेच लागलं होतं." मग उठून पाणी आणलं. मी प्यायले. तिनं क्षमा केली असं ती म्हणाली नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

उत्तम ब्रह्मचर्याच्या दिवशी अजूनही कधी कधी बोलायची पाळी माझ्यावर येते. आता मी जिवंत बाईचं उदाहरण देत नाही. शेवटी दोन साध्या गोष्टी सांगते. लग्न ठरवताना पत्रिका बघता, तशी मुलाची आणि मुलीची, दोघांची तपासणी दोघांच्या संमतीनं करा. आणि कुणाचा निकाल कळलाच तर तो पोटात ठेवा, 2017 चा कायदाही तेच सांगतो. बोलताना माझी नजर आपसूक मागच्या खांबाकडे जाते. तिथं कोण बसलंय आणि तिच्या घरात काय आहे, मला माहीत नसतं. माहीत नाही, एवढं लक्षात ठेवून मी बोलते.